सापळा कोणासाठी? वेश्याव्यवसाय, गिऱ्हाईक आणि पोलीस

वर्तमानपत्रात महिन्या-दोन महिन्यांनी एक ठरावीक बातमी येते. अमुक गल्लीतील कुंटणखान्यावर पोलिसांची धाड, इतक्या महिलांची सुटका, घरवाली व दलाल अटकेत. बायकांची संख्या बातमीत असते. कधी त्यांचा प्रांत असतो, वय असते, तोंडावर ओढणी घेतलेले छायाचित्रही असते. परंतु ज्यांच्या पैशावर तो कुंटणखाना चालत होता त्या पुरुषांविषयी बातमीत बहुधा एक ओळही नसते. ते कोण होते, कोठून आले होते, धाड पडल्यावर कोठे गेले, हे वाचकाला कळत नाही आणि वाचकही विचारीत नाही.

कोणताही बाजार विकणारा आणि विकत घेणारा अशा दोघांवर चालतो. घेणारा नसेल तर दुकान कितीही सजवले तरी ते बंद पडते. असे असताना या एका बाजारात मात्र शतकानुशतके विकल्या जाणाऱ्या बाईलाच पकडण्याची, तिलाच हाकलण्याची आणि तिलाच नावे ठेवण्याची रीत पडली. गेल्या पन्नास-साठ वर्षांत जगातील काही शहरांच्या पोलिसांनी ही रीत उलटी करून पाहिली. त्यांनी आपला मोर्चा गिऱ्हाइकाकडे वळवला. त्यातून काय साधले, काय फसले आणि आपल्याकडे त्यातून काय घेण्यासारखे आहे, हे समजावून सांगण्यासाठी आम्ही हा लेख लिहीत आहोत.

हा आमचा प्रश्न का आहे?

धम्मकार्याच्या स्मरणिकेत हा विषय कशाला, असे काही वाचकांना वाटेल. त्यांना आम्ही एका तारखेची आठवण करून देतो. १६ जून १९३६ रोजी परळच्या दामोदर हॉलमध्ये परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी देवदासी, मुरळी, जोगतिणी आणि कामाठीपुऱ्यातील भगिनींसमोर भाषण केले. धर्मांतराच्या चळवळीचे ते दिवस होते. अशा वेळी या बायकांना सभेला बोलावणे अनेकांना रुचले नसेल. बाबासाहेबांनी त्यांना टाळले नाही. हे लाजिरवाणे जिणे सोडा आणि इतर स्त्रियांप्रमाणे मानाने संसार करा, असे त्यांनी स्पष्ट शब्दांत सांगितले. त्यांच्या बोलण्यात कठोरपणा होता, पण या भगिनी आपल्याच आहेत, हे त्यांनी आधी मान्य केले होते.

त्या आपल्याच होत्या, कारण या व्यवसायाला मुली पुरवण्याचे काम जातिव्यवस्थेने केले. सौंदत्तीच्या यल्लम्माला सोडलेल्या मुली बहुतांश दलित घरांतल्या असत. देवाच्या नावाने सोडलेल्या मुलीचा शेवट पुष्कळदा शहरातल्या पिंजऱ्यात होई. मुंबई इलाख्यात देवदासींच्या संरक्षणाचा कायदा १९३४ साली झाला, कर्नाटकात १९८२ साली मुली सोडण्यावर बंदी आली आणि महाराष्ट्राने देवदासी प्रथा निर्मूलनाचा कायदा २००५ साली केला. या कायद्यांनी मुली जाण्याच्या वाटेवर बांध घातला. पण त्या वाटेच्या दुसऱ्या टोकाला पैसे घेऊन उभ्या असलेल्या पुरुषाचे काय? त्याच्याकडे आपल्या समाजसुधारणेचे लक्ष फार थोडे गेले. तो काही एका जातीचा वा एका धर्माचा नाही. तो आपल्या चाळीतही राहतो.

आपला कायदा काय म्हणतो?

आपल्याकडे ज्याला लोक 'पिटा' म्हणतात तो कायदा मूळचा १९५६ चा. १९७८ आणि १९८६ साली त्यात दुरुस्त्या झाल्या आणि दुसऱ्या दुरुस्तीत त्याचे नाव 'अनैतिक व्यापार प्रतिबंधक कायदा' असे झाले. सज्ञान बाईने देहविक्री करणे हा या कायद्याने स्वतंत्र गुन्हा मानलेला नाही, हे अनेकांना ठाऊक नसते. गुन्हा आहे तो कुंटणखाना चालवणे, दुसऱ्याच्या देहविक्रीच्या कमाईवर जगणे, बाईला या धंद्यात आणणे आणि तिला डांबून ठेवणे हा.

गिऱ्हाइकाला हात लावणारे कलम आहे सातवे. देवस्थान, शाळा, वसतिगृह, रुग्णालय अशा सार्वजनिक ठिकाणांपासून दोनशे मीटरच्या आत देहविक्री झाल्यास बाई आणि तिच्याकडे आलेला पुरुष, दोघांनाही तीन महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. मुलगी अल्पवयीन असेल तर शिक्षा किमान सात वर्षांची आहे. आठवे कलम रस्त्यावर वा खिडकीतून इशारे करून गिऱ्हाईक बोलावण्याविषयी आहे. तेथे पहिल्या गुन्ह्यासाठी बाईला सहा महिन्यांपर्यंत कैद, आणि हाच गुन्हा पुरुषाने केला तर सात दिवसांपासून तीन महिन्यांपर्यंत! एकाच कृत्याला बाईसाठी मोठे माप आणि पुरुषासाठी लहान माप, असा हा न्याय.

२००६ साली केंद्र सरकारने या कायद्यात दुरुस्ती सुचवली होती. आठवे कलम काढून टाकावे आणि शोषणाच्या हेतूने कुंटणखान्यात जाणाऱ्या पुरुषाला शिक्षा करावी, अशी ती होती. तिच्यावर मोठा वाद झाला. २००९ साली लोकसभेची मुदत संपली आणि ते विधेयकही त्याबरोबर संपले.

पुढे दिल्लीतील अत्याचाराच्या घटनेनंतर २०१३ साली भारतीय दंड संहितेत ३७०-अ हे कलम आले. समोरची व्यक्ती फसवून, विकून वा जबरदस्तीने आणलेली आहे हे ठाऊक असताना, किंवा तसे मानायला कारण असताना, तिचे लैंगिक शोषण करणारा पुरुष या कलमाने गुन्हेगार ठरला. १ जुलै २०२४ पासून दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता लागू झाली आणि हीच तरतूद तिच्या १४४ व्या कलमात आली. विकून आणलेली व्यक्ती सज्ञान असेल तर तीन ते सात वर्षे, बालक असेल तर पाच ते दहा वर्षे अशी शिक्षा आहे. म्हणजे गिऱ्हाइकाला जाब विचारणारा कायदा आपल्याकडे नाही, असे कोणी म्हणू नये. प्रश्न तो वापरण्याचा आहे.

न्यायालयांतही या बाबतीत एकमत नाही. केवळ गिऱ्हाईक म्हणून सापडलेल्या पुरुषावर पिटाखाली खटला चालू शकत नाही, असे काही उच्च न्यायालयांनी म्हटले. उलट केरळ उच्च न्यायालयाने २०२५ साली, अशा पुरुषाला नुसते 'ग्राहक' म्हणून सोडता येणार नाही, कारण बाई ही विकाऊ वस्तू नाही, अशी भूमिका घेतली.

सापळा उलटा फिरला

आपल्याकडे धाड कशी पडते? पोलीस एका माणसाला बनावट गिऱ्हाईक म्हणून आत पाठवतात. त्याच्याजवळ खुणा केलेल्या नोटा देतात. सौदा ठरला, नोटा घरवालीच्या हाती पडल्या, की तो इशारा करतो आणि पोलीस पंचांसह आत शिरतात. या सापळ्यात गिऱ्हाईक तोतया असते आणि बाई खरी असते.

अमेरिकेतील काही शहरांच्या पोलिसांनी याच्या नेमके उलट केले. पोलीस खात्यातील एखादी महिला कर्मचारी साध्या वेषात रस्त्याच्या कडेला उभी राहते. मोटार थांबते, पुरुष काच खाली करतो, कामाचे आणि पैशांचे बोलतो. बोलणे पक्के झाले की पुढच्या वळणावर उभे असलेले पोलीस त्याला धरतात. या सापळ्यात बाई तोतया असते आणि गिऱ्हाईक खरे असते. १९६० च्या दशकात टेनेसी राज्यातील नॅशव्हिल शहरात असा सापळा लावल्याची नोंद आहे. २०१२ साली तेथील न्याय खात्याच्या मदतीने देशभराचा आढावा घेण्यात आला, तेव्हा मागणी कमी करण्याचे असे ना तसे उपाय योजणारी शहरे व परगणे आठशेहून अधिक असल्याचे आढळले.

हे उपाय अनेक प्रकारचे आहेत. सापळ्यात सापडलेल्याला दंड करणे, त्याची मोटार जप्त करणे, वाहन परवाना रोखणे, त्याचे नाव वा छायाचित्र प्रसिद्ध करणे, त्याच्याकडून सार्वजनिक सफाईसारखे काम करून घेणे, त्याला वर्गात बसवून शिकवणे. धंदा रस्त्यावरून इंटरनेटवर गेला तसा सापळाही तेथे गेला. पोलीस खोटी जाहिरात टाकतात आणि हॉटेलच्या खोलीत वाट पाहतात.

पण एका गल्लीत दाबले की ते दुसऱ्या गल्लीत उगवणारच, असे नेहमी म्हटले जाते. न्यू जर्सी राज्यातील जर्सी सिटी शहरात संशोधकांनी हे प्रत्यक्ष तपासले. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात, पोलिसांनी एका ठिकाणी जोर लावल्यावर शेजारच्या गल्ल्यांत धंदा वाढलेला दिसला नाही. उलट तेथेही तो थोडा कमी झाला. मात्र काही बायकांनी रस्ता सोडून ओळखीच्या गिऱ्हाइकांना फोनवरून भेटायला सुरुवात केली होती. रस्ता बदलणे अवघड असते, पद्धत बदलणे सोपे असते. पोलिसांच्या आकड्यांत धंदा घटला असे दिसले, तरी ही गोष्ट विसरता येत नाही.

शनिवारची शाळा

या सर्व उपायांत सॅन फ्रान्सिस्को शहराचा प्रयोग विशेष गाजला. अमेरिकेत अशा गिऱ्हाइकाला 'जॉन' म्हणतात, म्हणून त्याला 'जॉन स्कूल' हे नाव पडले. १९९५ साली तो सुरू करण्यात नॉर्मा होटालिंग या बाईंचा मोठा वाटा होता. त्या स्वतः या व्यवसायात होत्या, हेरॉइनच्या व्यसनात होत्या, तुरुंगात जाऊन आल्या होत्या. त्यातून बाहेर पडल्यावर त्यांनी इतर बायकांसाठी 'सेज' नावाची संस्था उभी केली आणि पूर्वी ज्या पोलीस खात्याने त्यांना पकडले होते त्याच खात्याबरोबर काम केले. २००८ साली त्यांचे निधन झाले.

योजना अशी होती. पहिल्यांदाच सापडलेल्या पुरुषाला खटल्याऐवजी वर्गाला बसण्याची मुभा मिळे. त्यासाठी त्याने मिळकतीप्रमाणे एक हजार डॉलरपर्यंत फी भरायची. एक दिवसाच्या वर्गात सरकारी वकील कायदा समजावून सांगत, आरोग्य कर्मचारी रोगांची माहिती देत, त्या वस्तीतले रहिवासी आपल्या मुलाबाळांना होणारा त्रास सांगत. शेवटी या व्यवसायातून बाहेर पडलेल्या बायका उभ्या राहत आणि आपण किती वर्षांच्या असताना यात आलो, दलालाने काय केले, हसतमुख चेहऱ्यामागे काय चालले होते, हे सांगत. फीचे पैसे पोलीस, सरकारी वकिलांचे कार्यालय आणि सेज संस्था यांत वाटले जात. म्हणजे गिऱ्हाइकाच्या पैशातून बायकांच्या पुनर्वसनाला हातभार लागे. हा भाग आम्हाला विशेष वाटतो.

पहिल्या बारा-तेरा वर्षांत साडेपाच हजारांहून अधिक पुरुष या वर्गातून गेले. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या सरकारी पाहणीत, वर्ग सुरू झाल्यावर पुन्हा त्याच गुन्ह्यात सापडणाऱ्यांचे प्रमाण एकदम खाली आल्याचे म्हटले आहे. पण यावर आक्षेपही आले. एकदा पकडला गेलेला पुरुष बहुतेक ठिकाणी पुन्हा सहसा सापडतच नाही, मग श्रेय वर्गाचे की अटकेच्या धसक्याचे? पोर्टलंड शहरातील एका अभ्यासात वर्गाला बसलेले आणि न बसलेले यांत फारसा फरक दिसला नव्हता. आमच्या मते याचा अर्थ एवढाच की, एका दिवसाच्या व्याख्यानाने माणसाची सवय बदलते असे मानून चालू नये. पकडले जाण्याची शक्यता आणि लाज, यांचा धाक मात्र खरा असतो.

लाजेचा मार कोणाला बसतो?

पण हा धाक घालतानाही सावध राहावे लागते. १९८८ साली डेट्रॉईट शहरात एक पुरुष आपल्या मोटारीत वेश्येबरोबर सापडला. पोलिसांनी मोटार जप्त केली. ती अवघ्या सहाशे डॉलरला घेतलेली जुनी गाडी होती आणि नवरा-बायको दोघांच्या मालकीची होती. बायकोने न्यायालयात विचारले, गुन्हा नवऱ्याने केला, मला त्याचा पत्ताही नव्हता, मग माझा अर्धा हिस्सा का जावा? खटला अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. १९९६ साली पाच विरुद्ध चार अशा मतांनी निकाल लागला आणि ती बाई हरली.

२००५ साली शिकागो पोलिसांनी पकडलेल्या पुरुषांची छायाचित्रे आपल्या संकेतस्थळावर टाकायला सुरुवात केली. ऐकायला हे योग्य वाटते. पण खटला सिद्ध होण्याआधीच नाव जाहीर झाले, आणि त्याची मुले शाळेत गेली की त्यांच्याकडे बोट दाखवले गेले, तर तो मार नेमका कोणाला बसला? पुरुषाच्या कृत्याची शिक्षा पुन्हा घरातील बाई आणि मुले भोगणार असतील, तर सापळा उलटा फिरवून उपयोग काय?

इप्सविच शहराने काय केले

इंग्लंडच्या सफोक परगण्यात इप्सविच नावाचे मध्यम शहर आहे. २००६ च्या अखेरीस काही आठवड्यांत तेथे रस्त्यावर व्यवसाय करणाऱ्या पाच तरुणींचे खून झाले. खुनी गिऱ्हाईक म्हणूनच त्यांच्याकडे येणारा होता. २००८ साली त्याला जन्मठेप झाली. त्या पाचही जणी अमली पदार्थांच्या व्यसनात अडकलेल्या होत्या आणि त्या व्यसनासाठीच रस्त्यावर येत होत्या.

या धक्क्यानंतर २००७ साली शहराने पाच वर्षांची योजना आखली. तिच्या दोन बाजू होत्या. मोटारीतून फिरत बाई शोधणाऱ्या पुरुषांना पोलिसांनी सवलत दिली नाही. कॅमेरे लावले, गाड्यांचे नंबर टिपले, वर्षभरात शंभरावर पुरुष पकडले. त्याच वेळी रस्त्यावरच्या एकेका बाईला नावाने ओळखून तिच्यासाठी स्वतंत्र मदत उभी केली. कोणाला राहायला घर, कोणाला व्यसनावर उपचार, कोणाला मुलांची भेट. पोलीस, नगरपालिका, आरोग्य खाते आणि स्वयंसेवी संस्था एका टेबलाभोवती बसल्या. पाच वर्षांनी विद्यापीठाच्या अभ्यासकांनी आढावा घेतला तेव्हा रस्त्यावरचा व्यवसाय जवळजवळ संपलेला होता आणि झालेल्या खर्चापेक्षा वाचलेला सरकारी पैसा अधिक होता.

इप्सविचमध्ये रस्त्यावरच्या बायका डझन-दोन डझनांत मोजता येत होत्या, हे खरे. आपल्या महानगरांशी त्याची बरोबरी होत नाही. पण गिऱ्हाईक रोखायचे तर त्याच दिवसापासून बाईच्या पोटाची सोय करायची, हा नियम आकड्यांवर अवलंबून नाही.

स्वीडनचा कायदा

स्वीडन देशाने हा विचार देशाच्या कायद्यात घातला. १ जानेवारी १९९९ पासून तेथे देह विकत घेणे गुन्हा ठरला, विकणे नाही. देहविक्री हा स्त्रियांवरील अत्याचाराचाच एक प्रकार, अशी त्यामागची भूमिका. सुरुवातीला दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद होती, २०११ साली ती एक वर्षापर्यंत वाढवली. स्टॉकहोम, गोथेनबर्ग, माल्मो या शहरांत पोलिसांच्या जोडीने नगरपालिकांच्या समाजसेवा खात्यांनी बायकांसाठी, आणि हे लक्षात घेण्यासारखे आहे की गिऱ्हाइकांसाठीसुद्धा, समुपदेशनाची सोय केली. २०१० च्या सरकारी अहवालानुसार रस्त्यावरचा व्यवसाय १९९९ च्या मानाने निम्म्यावर आला. आयुष्यात कधी तरी पैसे देऊन शरीरसंबंध केल्याचे सांगणाऱ्या पुरुषांचे प्रमाण १९९६ साली १३.६ टक्के होते, ते २००८ साली ७.८ टक्के झाले. गुन्हा ठरल्यावर माणसे खरे सांगायला कचरतात, हा भाग त्यातून वजा करावा लागेल. पुढे नॉर्वे, आइसलँड, कॅनडा, फ्रान्स, आयर्लंड, इस्रायल या देशांनी कमीअधिक फरकाने हीच वाट धरली. फ्रान्सच्या २०१६ च्या कायद्याला तेथील देहविक्री करणाऱ्यांनी आव्हान दिले, परंतु युरोपच्या मानवी हक्क न्यायालयाने २०२४ साली तो कायदा ग्राह्य धरला.

नागपूरचा अनुभव

आता आपल्या दारात येऊ. ज्या नागपूरच्या दीक्षाभूमीवर आपला नवा जन्म झाला, त्याच शहरात गंगा-जमुना ही जुनी वस्ती आहे. ऑगस्ट २०२१ मध्ये पोलिसांनी तिच्या वाटांवर अडथळे उभे केले, जमावबंदीचा आदेश काढला आणि जवळच्या शाळा-देवस्थानांचा आधार घेऊन पिटाच्या सातव्या कलमाखाली तेथे देहविक्रीला मनाई केली. वस्तीत अल्पवयीन मुली आणल्या जातात, गुन्हेगार आसरा घेतात, असे पोलिसांचे म्हणणे होते. शेजारच्या रहिवाशांपैकी काहींनी स्वागत केले. पण आतील बायका रस्त्यावर उतरल्या. करोनाच्या साथीत आधीच उपासमार झाली, आता आम्ही जायचे कोठे आणि खायचे काय, असा त्यांचा सवाल होता.

अडथळ्यांनी गिऱ्हाईक थांबते, हे त्या दिवसांत दिसले. म्हणजे मागणी रोखणे पोलिसांच्या आवाक्यात आहे. पण इप्सविचमध्ये टेबलाभोवती जी माणसे बसली होती ती अडथळे लावण्याआधी येथे बसली असती, तर त्या बायकांना मोर्चा काढण्याची पाळी आली नसती.

दुसरी बाजू

देहविक्री करणाऱ्या बायकांच्या संघटना, त्यात सांगलीची 'वेश्या अन्याय मुक्ती परिषद'ही आली, गिऱ्हाइकाला शिक्षा करण्याच्या विरोधात आहेत. त्यांचे म्हणणे सरळ आहे. गिऱ्हाईक घाबरले की ते अंधारात बोलावते, घाईने सौदा करायला लावते, निरोध वापरायला नकार देते. धोका शेवटी बाईच्याच वाट्याला येतो आणि पोलिसांच्या हाती हप्ते वसूल करण्याचे आणखी एक साधन येते. हे म्हणणे अनुभवातून आलेले आहे. ते झटकून टाकण्याचा अधिकार सुरक्षित घरात राहणाऱ्या आपल्यापैकी कोणालाही नाही.

१९ मे २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयानेही या बायकांच्या प्रतिष्ठेविषयी निर्देश दिले. धाड पडल्यावर सज्ञान व स्वेच्छेने या व्यवसायात असलेल्या बाईला अटक करू नये, दंड करू नये, छळू नये. वृत्तपत्रांनी तिची ओळख उघड करू नये. तिला आधार कार्ड मिळावे.

या दोन्ही बाजू ऐकून आमचे मत असे झाले आहे. बाईला हात न लावता, तिच्या निवाऱ्याची व पोटाची सोय करून, मुख्यतः अल्पवयीन आणि विकून आणलेल्या मुलींकडे जाणाऱ्या पुरुषांविरुद्ध १४४ व्या कलमाचा वापर नेटाने व्हावा. जेथे धाडीत अल्पवयीन मुलगी सापडते, तेथे तिच्याकडे आलेले पुरुष कोण होते याचा तपास हा पंचनाम्याचा आवश्यक भाग असावा. घरवाली आणि दलाल यांना धरून गिऱ्हाइकाला मागच्या दाराने जाऊ दिले, तर उद्या दुसरी घरवाली तयार होते.

धम्म काय सांगतो

तथागतांनी दुःखाचे कारण शोधायला सांगितले आणि ते तृष्णेत दाखवले. वेश्यावस्ती हे दुःख आहे आणि बाईला हाकलणे हा त्या दुःखावर घातलेला पडदा आहे. कारणाचा नाश झाला तर दुःख संपेल. कारण आहे ते विकत घेऊ पाहणाऱ्याच्या मनात आणि खिशात. उपासकाने जे पाच व्यापार करू नयेत असे भगवंतांनी सांगितले, त्यांत शस्त्रे, मांस, मद्य आणि विष यांच्या जोडीला प्राणिमात्रांचा व्यापारही आहे. माणसाचा व्यापार त्याहून वेगळा कसा मानता येईल? व्यापार करणाऱ्याला दोष असेल तर खरेदी करणाराही त्यातून सुटत नाही.

आपण प्रत्येक सभेत पंचशील ग्रहण करतो. तिसरे शील म्हणताना आपला पुरुषवर्ग त्याचा अर्थ मनात आणतो काय? बाहेरगावी कामाला गेलेला, ट्रकवर असलेला, पगाराच्या दिवशी मित्रांच्या टोळक्यात सापडलेला आपला तरुण त्या वेळी हे शील आठवतो काय? सिगालोवाद सुत्तात पतीच्या कर्तव्यांत पत्नीचा सन्मान आणि तिच्याशी एकनिष्ठा सांगितली आहे. ही शिकवण केवळ परलोकासाठी नाही. एड्सच्या साथीत या वागणुकीची किंमत किती घरांतील निष्पाप पत्नींनी चुकवली, हे आपण पाहिले आहे.

आणि बाईविषयी काय? वैशालीची आम्रपाली गणिका होती. भगवंतांनी तिचे भोजनाचे निमंत्रण स्वीकारले आणि मागाहून आलेल्या लिच्छवी राजपुत्रांसाठी ते मोडले नाही. तिने दिलेली आमराई संघाने घेतली. पुढे ती स्वतः भिक्षुणी झाली आणि थेरींत तिची गणना झाली. ज्या धम्मात आम्रपालीला स्थान आहे त्या धम्माच्या अनुयायांनी वस्तीतल्या बाईकडे तुच्छतेने पाहू नये.

आपल्याला करता येण्यासारखे

पोलिसांचे काम पोलीस करतील. पण मंडळे, महिला संघ आणि विहारे यांनाही काही गोष्टी करता येतील. तरुणांच्या शिबिरांत या विषयावर उघड बोलावे. गिऱ्हाईक होणे म्हणजे मर्दपणा नव्हे, आणि मुलगी अल्पवयीन वा विकून आणलेली असेल तर तो थेट तुरुंगाचा रस्ता आहे, हे मुलांना कायद्याच्या कलमासह सांगावे. नोकरीच्या, लग्नाच्या वा सिनेमाच्या आमिषाने वस्तीतील मुलगी कोणी नेत असल्याचा संशय आला, तर गप्प न बसता मुलांसाठीच्या १०९८ किंवा ११२ या क्रमांकावर कळवावे. सुटून आलेल्या मुलीला पुन्हा समाजात घ्यावे. तिच्या लग्नाच्या वा नोकरीच्या आड आपली जीभ येऊ देऊ नये. वस्तीतील बायकांच्या मुलांना शाळेत प्रवेश, शिधापत्रिका, आधार कार्ड मिळवून देण्यास कार्यकर्त्यांनी मदत करावी. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे मोफत वकील मिळतो, ही माहिती तेथवर पोचवावी.

१९३६ साली बाबासाहेब त्या भगिनींपर्यंत गेले आणि त्यांना मानाने जगा म्हणाले. त्यांचे ते सांगणे आजवर आपण फक्त बायकांसाठी मानले. त्यांना मानाने जगता यावे असे वाटत असेल, तर तेच सांगणे आता आपल्या घरातील पुरुषांनाही ऐकवण्याची वेळ आली आहे. जय भीम.